इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? पण पाच वर्षांनी ती विकायला काढली तर?

लालबागला राहणाऱ्या माझ्या मामाने गेल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. शोरूममध्ये निळी इलेक्ट्रिक एसयूव्ही, बाजूला मामी उभी, आणि खाली दोनच शब्द : 'घेऊ का?' पटापट अंगठे आले, केक आणि पेढ्यांचे इमोजी आले. मावसभावाने विचारलं, 'चार्ज कुठे करणार?' आणि सगळ्यात शेवटी आजोबांचा व्हॉइस मेसेज : 'विकताना किती येतील ते विचारलंस का रे?'

आजोबांना कोणीच उत्तर दिलं नाही. कारण ते कोणाकडे नव्हतंच.

पेट्रोल गाडीबाबत हे उत्तर आपल्याकडे पाठ असतं. कुठल्या कंपनीची गाडी पाच वर्षांनी किती देते, डिझेल का पडतं, सीएनजीला गिऱ्हाईक लगेच का मिळतं, हे सोसायटीचा वॉचमनही सांगेल. इलेक्ट्रिक एसयूव्हीचा असा अनुभव अजून जमलेलाच नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही या दोन्ही गाड्या जानेवारी २०२० मध्ये आल्या. त्यातल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीला बॅटरी आणि मोटरसाठी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. म्हणजे पहिल्या गाड्या वॉरंटीबाहेर पडणार २०२८ मध्ये. खरी परीक्षा तेव्हापासून सुरू होईल.

तोवर आपल्या हातात काय आहे, ते बघू.

गाडी जुनी होण्याआधीच किंमत का उतरते?

आपण समजतो की गाडीची किंमत वापराने उतरते. ईव्हीमध्ये ती अनेकदा शोरूममुळे उतरते.

हे उदाहरण बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नेक्सॉन ईव्ही आली. वरच्या व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत होती १९ लाख ९४ हजार, बॅटरी ४०.५ किलोवॅट अवरची. (हा किलोवॅट अवर म्हणजे आपल्या वीजबिलावरचा युनिटच.) फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी बॅटरीचे दर उतरल्याचं कारण देत नेक्सॉन ईव्हीच्या किमती १ लाख २० हजारांपर्यंत कमी केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सणासुदीची सवलत आली, काही ईव्हींवर ३ लाखांपर्यंत. आणि महिनाअखेरीस नेक्सॉनच्याच नावाने ४५ किलोवॅट अवरची मोठी बॅटरी आली. तिच्या वरच्या व्हेरियंटची किंमत होती १६ लाख ९९ हजार.

म्हणजे वर्षभरापूर्वी जवळपास २० लाख मोजलेल्या माणसासमोर जास्त रेंजची, जास्त फीचर्सची, कोरी करकरीत गाडी १७ लाखांत उभी होती. आता त्याची एक वर्ष वापरलेली गाडी कोण १७ लाखांना घेणार? त्याने ती फक्त बिल्डिंगच्या गेटजवळ उभी करून ठेवली असती, तरी हा तोटा झालाच असता.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. बॅटरी हा ईव्हीतला सगळ्यात महाग भाग आणि तो स्वस्त होत चाललाय. ब्लूमबर्ग एनईएफच्या सर्वेक्षणानुसार लिथियम-आयन बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२३ मध्ये प्रति किलोवॅट अवर १३९ डॉलर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. नव्या ग्राहकासाठी ही आनंदाची बातमी आहे आणि जुन्या मालकासाठी नाही. मोबाइलचं जे होतं तेच, फक्त इथे हप्ता सात वर्षांचा असतो.

हे फक्त आपल्याकडे घडतंय असंही नाही. अमेरिकेत टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये किमती कापल्या आणि सेकंडहँड ईव्हींचे दर गडगडले. भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने वर्षभरात, जानेवारी २०२४ मध्ये, सुमारे २० हजार ईव्ही विकायला काढल्या. आयसीकार्स या संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ईव्हींची पाच वर्षांतली घट सरासरी ५८.८ टक्के दिसते, तर सगळ्या प्रकारच्या गाड्यांची सरासरी घट ४५.६ टक्के. हे आकडे जसेच्या तसे मुंबईला लावता येणार नाहीत, कारण तिथल्या गाड्या, करसवलती आणि बाजार वेगळा आहे. पण दिशा कळते.

सरकारी सवलत मिळते, मग तोटा कसला?

महाराष्ट्रात ईव्हीला मोटार वाहन कर माफ आहे. पेट्रोल गाडीवर तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के भरावा लागतो. १५ लाखांच्या गाडीमागे हे साधारण १ लाख ८० हजार रुपये झाले. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव होता, तोही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मागे घेतला. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल नाही. एरवी एका फेरीचे २५० रुपये लागतात. परळ-शिवडीकरांसाठी सेतू दाराशी आहे, त्यामुळे पनवेलला सासर असेल तर ही सवलत खरीखुरी जाणवते.

पण रिसेलच्या वेळी हीच सवलत उलटी फिरते. सेकंडहँड घेणारा तुमच्या गाडीची तुलना नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशी करतो. नवी गाडी सवलतीमुळे स्वस्त पडत असेल, तर जुनीला तो त्याच हिशेबाने कमी पैसे देणार. तुम्हाला मिळालेल्या सवलतीचा एक भाग तुम्ही विकताना परत करता, एवढंच.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचं गणित बदललं. ईव्हीवर आधीही ५ टक्के होता, आताही ५ टक्केच आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी १८ वर आला आणि वरचा सेस गेला, तर मोठ्या एसयूव्हींवर एकूण ४० टक्के झाला. पेट्रोल नेक्सॉनच्याच किमती तेव्हा दीड लाखाच्या आसपासपर्यंत उतरल्या. ईव्ही आणि पेट्रोलमधली दरी पुन्हा वाढली, आणि जुन्या ईव्हीच्या गिऱ्हाइकासमोर स्वस्त पेट्रोल गाडीचा पर्यायही आला.

आणखी एक बारीक मुद्दा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या गाड्यांच्या व्यवहारावरचा कर ईव्हीसह १८ टक्के ठरला. तेव्हा सोशल मीडियावर 'जुनी गाडी विकली तर १८ टक्के सरकारला' असे मेसेज फिरले, तुमच्याही ग्रुपवर आले असतील. तसं नाही. हा कर नोंदणीकृत डीलरला लागतो, आणि तोही फक्त त्याच्या नफ्यावर. तुम्ही शेजाऱ्याला गाडी विकलीत तर लागत नाही.

'लाइफटाइम वॉरंटी' नक्की कोणाची लाइफ?

जाहिरातीत हे शब्द मोठे असतात आणि खालची ओळ बारीक.

एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती बॅटरीच्या आजीवन वॉरंटीसह. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आल्या, त्यांनाही आजीवन. जून २०२५ मध्ये टाटा हॅरियर ईव्ही आली, तिलाही. टाटांनी पुढे नेक्सॉनच्या ४५ किलोवॅट अवर मॉडेललाही ती दिली. पण ही वॉरंटी पहिल्या मालकासाठी आहे. गाडी विकली की विंडसरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर येते, महिंद्राच्या या दोन गाड्यांची १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटरवर. टाटांच्या बाबतीत 'आजीवन' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं.

याचा अर्थ असा की, तुम्ही सहाव्या वर्षी गाडी विकायला काढलीत, तर समोरच्याला दोन किंवा चार वर्षांचीच हमी मिळेल. तो भाव तसाच लावणार. आजीवन वॉरंटी तुमची काळजी कमी करते, रिसेल व्हॅल्यूला फारशी हात देत नाही.

दादर-गिरगावच्या व्यापारी कुटुंबांसाठी खास सूचना : गाडी दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर घ्यायची सवय असेल तर थांबा. ही आजीवन वॉरंटी साधारणपणे व्यक्तीच्या नावावरच्या खासगी नोंदणीला असते. करात वाचवलेले पैसे इथे जाऊ शकतात. बुकिंगआधी वॉरंटीचं पुस्तक मागा, माहितीपत्रक नाही.

बॅटरी खरंच आठ वर्षांत 'जाते' का?

माझं मत विचाराल तर ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे.

बॅटरी एका दिवशी बंद पडत नाही, ती हळूहळू क्षमता गमावते. जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो ईव्हींचा डेटा पाहून सरासरी घट वर्षाला १.८ टक्के सांगितली होती. त्या दराने आठ वर्षांनी साधारण ८५ टक्के क्षमता उरते. गाडी चालतेच, फक्त आधी अडीचशे किलोमीटर जायची ती दोनशे-सव्वादोनशे जाते.

घट वेगाने होते ती उष्णतेने, सतत १०० टक्के भरून ठेवल्याने आणि रोज फास्ट चार्जिंग केल्याने. निसानच्या जुन्या लीफ गाडीत बॅटरी थंड ठेवायची द्रवाची व्यवस्था नव्हती, आणि अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या मालकांना दोन-तीन वर्षांतच रेंज घटल्याचं दिसलं. आजच्या बहुतेक फॅमिली ईव्हींमध्ये लिक्विड कूलिंग असतं, आणि नेक्सॉनसारख्या गाड्यांत एलएफपी प्रकारची, उष्णतेला तुलनेने टिकाऊ बॅटरी असते.

खरी अडचण वेगळी आहे. सेकंडहँड घेणाऱ्याला बॅटरीची तब्येत दिसत नाही. पेट्रोल गाडीचं इंजिन ओळखीचा मेकॅनिक कानाने तपासतो. बॅटरीची 'स्टेट ऑफ हेल्थ' कंपनीच्या मशीनवरच कळते. जे दिसत नाही त्याचा भाव माणूस कमीच लावतो. म्हणून दरवर्षी सर्व्हिसिंगला स्टेट ऑफ हेल्थचा रिपोर्ट लेखी मागून फाइल करून ठेवा. विकताना हा कागद चकचकीत पॉलिशपेक्षा जास्त कामाचा.

चार्जिंग कुठे? इथेच गिरगाव ते परळचं गणित बिघडतं

ठाण्यातल्या टॉवरमध्ये स्वतःचं पार्किंग असलेल्या माणसाचा ईव्हीचा हिशेब आणि गिरगावातल्या वाडीतल्या माणसाचा हिशेब एक नाही. आपल्याकडे निम्म्या गाड्या रस्त्यावर, वाडीच्या तोंडाशी नाहीतर पे अँड पार्कमध्ये. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून खाली वायर सोडणं हा पर्याय नाही, तो अपघात आहे. दादरच्या कोहिनूर सार्वजनिक वाहनतळात २०२१ पासून चार्जिंगची सोय आहे, मॉलमध्येही आहेत. पण रोज तिथे जाऊन तासभर थांबायचं, तर मामाचा गाडी घेण्यातला आनंद दोन महिन्यांत संपेल.

पैशांतही फरक पडतो. ढोबळ हिशेब करू. पेट्रोल १०३ रुपये लिटर आणि शहरात १२ चा ॲव्हरेज धरला, तर किलोमीटरला साडेआठ रुपये. ईव्ही एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाते असं समजा. घरची वीज १० रुपये धरली तर किलोमीटरला दीड रुपया, बाहेरचं फास्ट चार्जिंग २२ रुपये धरलं तर जवळपास साडेतीन. म्हणजे घरी चार्ज केलं तर किलोमीटरमागे ७ रुपये वाचतात, बाहेर केलं तर ५.

आता प्रश्न, तुम्ही चालवता किती? इथली बरीच माणसं ऑफिसला लोकलने किंवा बेस्टने जातात. गाडी निघते रविवारी, लग्नाला, आणि गणपतीत गावाला. समजा वर्षाला ६,००० किलोमीटर. घरच्या चार्जिंगवर पाच वर्षांत २ लाख १० हजार वाचतील, बाहेरच्या चार्जिंगवर दीड लाखाच्या आसपास. वर आपण पाहिलं की शोरूमची किंमत एका वर्षात ३ लाखांनी खाली येऊ शकते. म्हणजे पाच वर्षं इंधनात वाचवलेलं एका किंमतकपातीत गेलं. तेच वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणारा पाच वर्षांत सव्वापाच लाख वाचवतो, त्याला ही कपात सोसते.

म्हणून सरळ सांगते : गाडी कमी चालत असेल आणि घरी प्लग नसेल, तर पर्यावरणासाठी ईव्ही घ्या, हौसेसाठी घ्या, पण पैसे वाचतील म्हणून घेऊ नका.

आता रिडेव्हलपमेंट. लालबाग-परळ-गिरगावात अर्ध्या घरांमध्ये हाच विषय चालू असतो. आज सोसायटीशी भांडून मीटर आणि चार्जर बसवलात, दोन वर्षांनी बिल्डिंग रिकामी झाली. मग चार-पाच वर्षं भाड्याच्या घरात. तिथला घरमालक चार्जर लावू देईल? नवा टॉवर उभा राहिला की पार्किंग मिळतं ते पझल किंवा स्टॅक प्रकारचं, लोखंडी पाळण्यात गाडी वर-खाली होणारं. त्या पाळण्यात चार्जिंगची सोय आधी डिझाइनमध्ये नसेल तर नंतर बसवणं कठीण. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात नव्या निवासी इमारतींत किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवायची तरतूद होती. तुमची जागा त्या २० टक्क्यांत आहे का, हे बिल्डरच्या करारात लिहून घ्यायची वेळ आताच आहे. पझेशनच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

हिंदमाताला पाणी भरलं तर?

पालिकेने प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्यावर हिंदमाता पूर्वीइतकं तुंबत नाही. पण २६ मे २०२५ ला वरळीत मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. मध्य मुंबईत गाडी पाळायची तर पाणी गृहीत धरायचं.

ईव्हीच्या बॅटरी पॅकला बहुतेक वेळा आयपी६७ रेटिंग असतं. म्हणजे प्रयोगशाळेत १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. रात्रभर गटाराच्या खाऱ्या पाण्यात उभ्या गाडीची ती हमी नाही.

इथे विमा नीट वाचा. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या तक्त्याने उतरते : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के घट. दुरुस्तीच्या क्लेममध्ये जुन्या पद्धतीने रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के कापले जातात. तो नियम पेट्रोल गाडीच्या छोट्या बॅटरीच्या काळातला. तुमच्या लाखो रुपयांच्या पॅकला कंपनी काय लावणार, ते ईमेलवर लिहून घ्या. झीरो डेप आणि पाण्यापासून बॅटरीचं संरक्षण देणारं ॲड-ऑन ही इथे चैन नाही. पहिली तीन वर्षं 'रिटर्न टू इनव्हॉइस' मिळत असेल तर तेही घ्या, कारण कर्ज जास्त आणि आयडीव्ही कमी अशी वेळ ईव्हीत लवकर येते.

बॅटरी भाड्याने घेतली तर?

विंडसरने ही कल्पना लोकप्रिय केली : गाडी ९ लाख ९९ हजार, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीची जोखीम दुसऱ्याची, ऐकायला छान. पण अशा योजनेत महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का बघा. समजा ती १,५०० असली, तर महिना ५,२५० रुपये ठरलेले, गाडी वाडीत धूळ खात उभी असली तरी. आपल्या ६,००० किलोमीटरवाल्या माणसाला हे परवडत नाही.

त्यापेक्षा त्याच गाडीसोबत जाहीर झालेली दुसरी योजना मला जास्त बोलकी वाटली : ३ वर्षं किंवा ४५,००० किलोमीटरनंतर ६० टक्के किमतीला परत घेण्याची हमी. म्हणजे तीन वर्षांत ४० टक्के घट कंपनीनेच हिशेबात धरलीय. आजोबांना सांगायला निदान एक आकडा मिळाला. अटी वाचून अशी हमी मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी असं मला वाटतं.

मग फासा उलटाही पडू शकतो का?

हो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, हे तपासायला सांगितलं, आणि राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. असा काही नियम आलाच, तर पडेल भावाची ईव्ही अचानक मागणीत येईल आणि आज 'सेफ' वाटणारी पेट्रोल गाडी अडकेल.

दुसरी जोखीम मॉडेलची. ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक जुलै २०१९ मध्ये २५ लाख ३० हजारांना आली होती आणि २०२४ मध्ये भारतातून बंद झाली. बंद झालेल्या मॉडेलला गिऱ्हाईक कमी मिळतं. म्हणून रस्त्यावर भरपूर दिसणारी ईव्ही घेणं कंटाळवाणं असलं तरी शहाणपणाचं.

आणि घरी प्लग असेल, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, तर रिसेलची चिंता तशीही निम्मी होते. घट सगळ्यात जास्त पहिल्या तीन-चार वर्षांत बसते. ती दुसऱ्याने सोसलेली, वॉरंटी शिल्लक असलेली, स्टेट ऑफ हेल्थचा कागद असलेली तीन वर्षांची ईव्ही घेणं हा मला मामासाठी सगळ्यात बरा पर्याय वाटला. तसं त्याला कळवलं.

मामीला निळी नवीनच हवी आहे. मामाने बुकिंग तूर्त थांबवलंय, कारण पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि विषयपत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर आहे : 'आवारात चार्जिंग पॉइंट'. पहिल्या क्रमांकावर अर्थातच रिडेव्हलपमेंट.